भरल्या अंगाची सून

जासई, ता. उरण
१८ नोव्हेंबर २०२४

जयमाला विहीनबाईंना विमलबाईचा नमस्कार.

फोन लावून लावून माझं बोट दुखलं. शेवटी विपुलनं सांगितलं, आई, त्यांनी तुझा नंबर ब्लॉक केलाय. केलात तर केलात. मी सातवीपर्यंत शिकलेली हाय, आनि कागद कोनाला ब्लॉक करता येत नाय. सून सोम ते शुक्र तुमच्याकडं ऐरोलीला, शनिवार-रविवार माझ्याकडं. आज विपुल तिला सोडायला येतोय, त्याच्या हाती हा कागद देतेय. उत्तर पन त्याच्याच हाती द्या.

आता मुद्द्याचं. क्षिप्राला दिवस गेलेत हे मला कोनी सांगितलं? माझ्या मुलानं, ते पन गाडी पुसता पुसता. आनि तुमाला म्हने आठवडाभर आधीपासून ठाऊक! तुमी त्याला बजावलंत, तीन महिने होईपर्यंत कोनाला बोलायचं नाय. ही रीत आमच्यात पन हाय, विहीनबाई, तुमी नाय आनली ऐरोलीवरून. पन मी काय कोनीतरी हाय का? ज्या घरात लेकरू येनार त्या घरची मी सासू हाय.

परवा शनिवारी पोर आली. मी तांदलाची भाकर टाकली, वालाचं बिरडं केलं. तुमच्यात मासली चालत नाय म्हनून तिच्यासाठी सगलं वेगलं केलं. आनि तिनं काय करावं? पर्समदून बाटली काढली आनि हिरवं पानी प्यायली. दुधीचा रस! मी म्हटलं, बाय, हे काय? तर म्हनाली, आईनं सांगितलंय. माझ्या ताटातल्या बिरड्यातले चार दाने तेवढे उचलले.

लग्नात हिला बघून अख्खी जासई बोलली होती, विमलबाई, सून अंगानं भरलेली आनलीस. मी मिरवली होती चार दिवस. तीच पोर तुमी पान्यावर ठेवलीत. चौदा किलो सून माझी कमी केलीत तुमी, आनि वर पेढे वाटल्यासारखं सांगता.

शुक्रवारी विपुल येईल तेवा तिचे सगले कपडे बांधून द्या. आता ती इथंच राहील. आनि तिसऱ्या महिन्यातली चोरओटी गुपचूप भरायची असते हे मला शिकवू नका. ती पन इथंच भरली जाईल.

विमलबाई


ऐरोली, नवी मुंबई
२२ नोव्हेंबर २०२४

सौ. विमलबाई यांस,

तुमचं पत्र मिळालं. नंबर ब्लॉक केला कारण सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच प्रश्न: ‘जेवली का, काय जेवली, किती जेवली?’ माझी मुलगी नोकरी करते. कॉलवर असताना तिला सासूचे मिस्ड कॉल मोजत बसायला वेळ नसतो, आणि मला त्या प्रश्नाचा राग येतो. स्पष्ट सांगितलेलं बरं.

आता तुमच्या ‘भरलेल्या’ सुनेबद्दल. लग्नाच्या वेळी क्षिप्रा सत्त्याहत्तर किलोची होती, आणि तेही मी घाम गाळून आणलेलं सत्त्याहत्तर. तुमच्या घरात सहा महिने राहिली आणि एक्क्याण्णव झाली. भाकरी, भात, पुन्हा भात, आणि रात्री ‘थोडंसंच’ म्हणून आणखी भात. मूल होत नाही म्हणून दोघं डॉक्टरांकडे गेली, तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं ते विपुलला विचारा. आधी वजन उतरवा, मग चान्स घ्या. नाहीतर शुगर, बीपी, सिझेरियन, सगळं रांगेत उभं आहे. हे मी नाही म्हटलं, डॉक्टर म्हणाले.

मग मी तिला इथे आणली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपची डाएटिशियन मॅडम, तिचा शेक सकाळी, शेक रात्री, मधे काकडी आणि सूप. चार महिन्यांत चौदा किलो गेले आणि लगेच दिवस राहिले. हे कुणामुळे झालं? तुमच्या बिरड्यामुळे? आभार मानायचं सोडून तुम्ही मला हिशेब विचारता!

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवस राहिले म्हणून खा-खा करायची नाही. दोन जिवांचं जेवायचं ही जुन्या बायकांची पळवाट आहे. डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी दिलीय. त्यातली कुठली द्यायची, कधी द्यायची, ते मी बघते. आठवड्याच्या खणांची डबी आणलीय, ती मी स्वतः भरते आणि क्षिप्रा ऑफिसला जाताना तोंडात टाकते. सगळं सिस्टीममध्ये आहे. तुम्ही मधे पडू नका.

ती येणार नाही. चोरओटीला आईचा हक्क पहिला.

जयमाला


जासई
२८ नोव्हेंबर २०२४

विहीनबाई,

येनार नाय म्हनालात, आनि आली की! तुमच्या बाथरूममध्ये उलट्या करून करून पोर आडवी पडली, तुमी म्हने तिला ‘दीर्घ श्वास घे’ सांगत होतात. विपुलनं बघितलं आनि सरल गाडीत घातली. ऑफिसनं घरून काम दिलंय. आमच्या माडीवर पंखा हाय, वायफाय हाय, लॅपटॉप ठेवायला टेबल हाय. जासई म्हंजे जंगल समजू नका. कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस धावतात इथं, एक दिवस लाईट गेली तर सगल्या पोर्टची बोंब होते.

तुमी तिच्या कपड्यांबरोबर वजनकाटा पाठवलात. काचेचा. माझ्या नवऱ्यानं, गोटीरामनं, विचारलं, ही कसली ताटली? मी त्याला सांगितलं, विहीनबाईंची ओटी आलीय. खूप हसला. काटा ओटीवर ठेवलाय, सध्या त्यावर आमचा बोका बसतो. साडेचार किलो हाय. पाहिजे तर रोज कलवत जाईन.

पोर जेवते. ऐकताय ना? जेवते! पहिल्या दिवशी नाचनीची भाकर अर्धी. दुसऱ्या दिवशी आख्खी, वर सुकटीची चटनी. हो, सुकट. स्वतःहून मागितली. म्हनाली, सासूबाई, मला पन द्या. तुमच्याकडं जन्मात कोलंबीची मिशी बघितली नाय तिनं, आनि इथं येऊन बोंबलाचं कालवन भातावर घेते. ताट पुसून उठते आनि म्हनते, मस्त झालं. बाईमानसाच्या अंगाला अन्न लागतं, विहीनबाई. पुस्तकातली काकडी नाय लागत.

तुमची ती सोम-मंगल लिवलेली डबी पन बघितली. गोल्यांचं मी बघते काय करायचं ते. दोन पोरं मी याच घरात काढलीत, डब्या न भरता.

तुमची लेक म्हनून तुमाला खुशाली कलवली. उत्तराची गरज नाय.

विमलबाई


ऐरोली
६ डिसेंबर २०२४

विमलबाई,

उत्तराची गरज तुम्हाला नसेल, मला आहे.

काल व्हिडिओ कॉलवर क्षिप्रा बघितली. ओठ पांढरे. मी विचारलं, बरं वाटतंय ना? तर तुमच्याकडे बघून ‘हो’ म्हणाली. माझी मुलगी कुणाच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायला कधी शिकली नव्हती, तेही तुम्ही शिकवलंत. तोंडावर सूज आहे, ती तुम्हाला तेज वाटत असणार. तुमच्याकडे सुजलेलं ते सगळं भरलेलंच असतं.

काटा पाठवला तो रोज सकाळी वजन कळवावं म्हणून. एकही दिवस कळवलं नाहीत. बोक्याचा विनोद माझ्या मिस्टरांना, सुधीरना, वाचून दाखवला, तेही हसले. मग मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दुसरी गोष्ट. मला परवा कोपरखैरण्याच्या भाजी मार्केटमध्ये तुमच्या जाऊबाई भेटल्या आणि चारचौघांत ‘अभिनंदन हो आजीबाई’ म्हणाल्या! तीन महिने तोंड बंद ठेवायचं तुमचंही वचन होतं ना? अख्ख्या जासईला सांगून मोकळ्या झालात. आमच्याकडे मी सोसायटीत कुणाला कळू दिलेलं नाही. ब्लड टेस्ट करायला मुलगा घरी येतो तोही आमच्याच बिल्डिंगचा म्हणून मी रक्त तपासायचं पुढे ढकललं. म्हटलं, तीन महिने झाले की सगळ्या टेस्ट एकदम करू. एवढी काळजी मी घेते, आणि तुम्ही दवंडी पिटता!

२२ तारखेला रविवार आहे. मी गाडी घेऊन येते. चोरओटी ऐरोलीत भरेन आणि पुढचे महिने ती इथेच राहील. तिचं वजन किती वाढवून ठेवलंय ते त्या दिवशी दारातच बघेन.

जयमाला


जासई
१६ डिसेंबर २०२४

विहीनबाई,

काल दवाखान्यात चार मानसांसमोर तुमी मला ‘अडानी’ बोललात. त्याचं उत्तर मी तिथंच देनार होते, पन डॉक्टरीनबाईंनी दोघींना हाताला धरून बाहेर काढलं. जिन्यावर उभं राहून भांडायला मला लाज वाटली. तुमाला नाय वाटली. म्हनून आता कागदावर घ्या.

पोर पडली ती माझ्या घरात नाय पडली. शेजारी बारसं होतं. पालन्याची दोरी धरून उभी होती, सगल्या बाया नाव घेत होत्या, आनि ही दोरी सोडून खाली! पालना हलला, पोर रडलं, माझ्या कालजाचं पानी झालं. विपुलनं उचलली. वाटेत तुमाला मी फोन लावला. माझा नंबर तुमी ब्लॉक केलेला! पोर मरायला टेकली असती तरी माझा फोन तुमाला लागला नसता. हे लक्षात ठेवा, मी ठेवनार हाय.

रिपोर्ट आला तेवा नर्सनं पयला आमाला विचारलं, हा हिचाच ना, बदलला तर नाय? एवढी भरलेली बाई आनि रक्त आठच्या खाली! ते बी बारा का काय म्हनतात ते तर जवलजवल नायच. हाडांचं जीवनसत्त्व, ते पन नाय. मला तर वाटलं यंत्रच बिघडलंय. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या पोरीत काहीच कसं नाय? मग डॉक्टरीनबाई बोलल्या, चार महिने पान्यावर ठेवून जो साठा होता तो संपवलात, आनि मग गरोदरपन आलं. म्हंजे तुमी! तुमी तिला आतून पोकल केलीत आनि मग माझ्याकडं पाठवलीत. मी तीन आठवडे काय भरनार त्या पोकल पोरीत?

आनि जाडीचं खापर माझ्यावर! एक्क्यान्नवची होती तेवा धावत जिना चढायची ती.

डॉक्टरीनबाईंनी विचारलं, गोल्या कोनत्या चालू होत्या? तुमी माझ्याकडं बघितलंत. मी तुमच्याकडं बघितलं. तुमी डबी भरत होतात ना? मग बोला.

विमलबाई


ऐरोली
१७ डिसेंबर २०२४

विमलबाई,

बोलते. ऐका.

हो, मी गोळ्या निवडल्या. पिशवीतली लाल लोहाची आणि ती बी-कॉम्प्लेक्सची, दोन्ही मी काढून ठेवल्या. लपवत नाही, आणि लपवायचं कारणही नाही. त्यांनी भूक खवळते, हे आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. लग्नाआधी तिला टॉनिक दिलं होतं, महिन्यात तीन किलो वाढली होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना वजन आवरा म्हणून? मग एका हाताने वजन आवरायचं आणि दुसऱ्या हाताने भुकेच्या गोळ्या द्यायच्या? लोहाचं नंतर बघू असं मी ठरवलं होतं. ती धडधाकट दिसत होती. भरलेली दिसत होती, तुमच्याच शब्दात.

माझ्या नणंदेला गरोदरपणात शुगर झाली, बाळ साडेचार किलोचं, बाई ऑपरेशन टेबलवरून जेमतेम वाचून परत आली. ते मी डोळ्यांनी बघितलंय. मला माझ्या मुलीचं तसं व्हायला नको होतं. तुम्ही ‘खा, खा’ म्हणत राहा, टेबलवर तुम्ही नसणार.

पण ती पिवळी छोटी गोळी, फॉलिक अ‍ॅसिडची, ती मी एक दिवस चुकवली नाही. बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी असते ती. वजनाशी तिचा संबंध नाही म्हणून मी ती प्रत्येक खणात घातली होती, आणि डबीसकट तुमच्याकडे पाठवली होती. तुम्ही लिहिलं होतं, ‘गोल्यांचं मी बघते’. काय बघितलंत? ती तरी दिलीत का? उत्तर हो की नाही एवढंच द्या. नाचणीबद्दल नको.

जयमाला


जासई
१९ डिसेंबर २०२४

विहीनबाई,

नाय दिली.

डबी उघडली तेवा प्रत्येक खनात तीच पिवली गोली. मी ती ओलखते. माझ्या लेकीला, रंजिताला, पयल्या वेलेला हीच दिली होती. रोज सकाली मी स्वतः तिच्या हातावर ठेवायची. नवव्या आठवड्यात गेलं. डॉक्टर म्हनाले, गोलीनं नाय हो काकू, गोलीचा काय दोष. मग कोनाचा? माझा? तिनं ती गोली सोडून दुसरं काय वेगलं खाल्लं होतं? दुसऱ्या वेलेला मी एक गोली घरात येऊ दिली नाय आनि नातू झाला, पाच वर्षांचा हाय आता. सांगा, तुमी माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

सुनेला मी सांगितलं, ठेव ती डबी, पोटात गरम पडतं. तिनं पन लगेच ठेवली. गोली घेतली की ओकारी येते म्हनाली. मला वाटलं, बघ, तिचं अंगच सांगतंय.

म्हंजे तुमी लाल काढलीत आनि मी पिवली. मग पोरीच्या पोटात गेलं काय? रात्री हे मी गोटीरामला विचारलं. तो बोलला, तुमा दोघींचा राग. मी त्याला जेवन वाढलं नाय.

आनि अजून एक, हे पन वाचा. काल नर्स सांगत होती, सून तुमची कालवन खाऊन मागल्या दारी जायची आनि सगलं ओकून टाकायची. रोज! तीन आठवडे! आनि परत येऊन मला म्हनायची, मस्त झालं. माझ्या तोंडावर! माझ्या हातचं तिला पचत नाय हे सांगायला तिची जीभ का उचलली नाय? तुमच्या घरातली सवय हाय ही. तुमी लहानपनापासून तिला काट्यावर उभी करत आलात, त्यामुलं ती समोरच्याला हवं ते बोलायला शिकली. माझ्याशी पन तेच केलं.

मी चुकले असेन. पन पयल्या तुमी चुकलात.

विमलबाई


ऐरोली
२३ डिसेंबर २०२४

विमलबाई,

क्षिप्रा तुमच्याकडे आहे का?

काल मी दवाखान्यात गेले तर बेड रिकामा. सकाळीच डिस्चार्ज घेऊन दोघं गेली म्हणे. तिचा फोन बंद, विपुल उचलत नाही. हे पत्र सुधीर स्वतः घेऊन येतायत. त्यांना आत बसवून चहा पाजू नका, ते बोलत बसतात. उत्तर लगेच हातात द्या.

ती तुमच्याकडे असेल आणि तुम्ही लपवत असाल, तर मी पोलिसात जाईन. हे धमकी म्हणूनच घ्या.

जयमाला


जासई
२३ डिसेंबर २०२४

विहीनबाई,

सुधीरभावोजी ओटीवर उभे हायत, चहा नाय दिला.

मला वाटलं ती तुमच्याकडं हाय. कालपासून मी तुमाला शिव्या घालत होते. विपुल एकदाच आला, बॅग भरली, तिचे चार कपडे घेतले आनि गेला. विचारलं, कुठं? तर म्हनाला, आई, आता नको. माझा पोरगा माझ्याशी ‘आता नको’ बोलला.

तुमाला समजलं तर मला सांगा. मला समजलं तर बघू.

विमलबाई


नावडे कॉलनी
१२ जानेवारी २०२५

आई, आणि सासूबाई,

दोघींना एकच पत्र पाठवतेय, दोन कॉपी. कुणाला आधी मिळालं यावरून भांडू नका, एकाच दिवशी कुरियर केलंय.

आम्ही नावड्याला भाड्याने राहतोय. खिडकीतून तळोज्याच्या कंपन्यांची धुराडी दिसतात, हवा फार चांगली नाही, आणि तरी मी इथे सुखात आहे. पत्ता लिहिलेला नाही. विपुलला विचारू नका, तो सांगणार नाही. आणि तो आता तुमचा पोस्टमनही नाही. त्याच्या गाडीत बसले की तुमची पाकिटं माझ्याच मांडीवर असायची, आणि मी मूर्खासारखी समजायचे की रेसिपी चालल्यात.

दवाखान्यात तुम्ही दोघी जिन्यावर भांडत होतात, तेव्हा मी आत पडून ऐकत होते. दार उघडंच होतं. आख्ख्या वॉर्डने ऐकलं. शेजारच्या बेडवरची बाई मला म्हणाली, तुमच्या दोन्ही आया किती काळजी करतात हो. मला तिला मारावंसं वाटलं.

माझा दोष मला माहीत आहे. मी एकोणतीस वर्षांची आहे, मला गूगल करता येतं. गोळीने मळमळायचं, आणि तुम्ही एकीने लाल काढलीत, एकीने पिवळी, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मी विचारलंच नाही. प्लॅनिंगच्या वेळी डॉक्टरांनी फॉलिकची गोळी आधीपासून सुरू करायला सांगितली होती. ती मी घेतली नाही, कारण आईची मॅडम म्हणाली शेकमध्ये सगळं असतं. शेकमध्ये काय असतं ते मी डब्यावर कधी वाचलं नाही. मला फक्त आकडा खाली यायला हवा होता. आकडा खाली आला की आई त्या दिवशी माझ्याशी प्रेमाने बोलायची. आई, हे वाचून रडू नकोस. राग येऊ दे, मला तुझा राग सवयीचा आहे.

आणि सासूबाई, तुमचं कालवण वाईट नव्हतं. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून माझ्या ताटावर कुणाचा तरी डोळा आहे. आईचा डोळा ‘कमी घे’ म्हणतो, तुमचा ‘आणखी घे’ म्हणतो. दोन्ही डोळ्यांना खूश करायला मी जे गिळलं ते मला पोटात ठेवता आलं नाही. तुमच्या बोक्याला विचारा, तो मागल्या दारी रोज हजर असायचा.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. त्यांना हे रोज दिसतं म्हणे. अंगाने जाड बाई आली की घरातलं कुणी, कधी कधी डॉक्टरसुद्धा, तिच्यात काही कमी असेल असं धरतच नाही. आणि वजन उतरवायला ती उपाशी राहते तेव्हा चरबीच्या आधी बाकीचं संपतं. वजन आटोक्यात हवं हे खरं, आई, तू तिथे खोटी नव्हतीस. खायला हवं हेही खरं, सासूबाई. पण तुम्हा दोघींना खरं असण्याशी मतलब नव्हता, जिंकण्याशी होता. तुमच्या भांडणात बाळ कुणाचं एवढाच प्रश्न होता. मी कशी आहे हे दोघींपैकी एकीनेही, एकदाही, पत्रात विचारलेलं नाही. मी परवा सगळी पत्रं बाबांकडून आणि सासऱ्यांकडून विपुलकरवी मागवून वाचली. ‘पोर जेवते’ आहे, ‘वजन किती’ आहे. ‘क्षिप्रा, तुला बरं वाटतंय का’ कुठेच नाही. व्हिडिओ कॉलवर विचारलं होतंस आई, ते सुद्धा तू सासूबाईंना लावून बोलायला वापरलंस.

आता बी-ट्वेल्वची इंजेक्शनं चालू आहेत. लोहाची गोळी झोपताना लिंबाच्या सरबताबरोबर घेते, मग ओकारी कमी येते. पिवळी सकाळी. ठोके ऐकू आले. पण पाठीचा कणा नीट बघायला मोठी सोनोग्राफी फेब्रुवारीच्या शेवटी आहे. डॉक्टर म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येणार नाही. तोवर मी रोज सकाळी घाबरून उठते आणि त्या घाबरण्यात मला तुमच्यापैकी कुणीही शेजारी नको आहे.

चोरओटी राहू द्या. कुणी भरायची नाही.

क्षिप्रा


ऐरोली
१५ जानेवारी २०२५

विमलबाई,

तुम्हालाही मिळालं असेल.

तुमचा नंबर अनब्लॉक केलाय. फोन करू नका. फक्त तिचा तुम्हाला आला तर मला लगेच कळवा, रात्री-अपरात्री सुद्धा.

तिने जे माझ्याबद्दल लिहिलंय ते तुम्ही चारचौघांत बोललात तर याद राखा.

जयमाला


जासई
१८ जानेवारी २०२५

विहीनबाई,

माझ्याबद्दल लिवलंय ते तुमी नाय बोललात, तर मी पन नाय बोलनार.

मला फोन आला तर कलवेन. तुमाला आला तर तुमी पन कलवा. तो कना नीट असूदे, एवढंच मागते मी रोज. तुमी काय मागता ते तुमचं तुमाला ठाऊक.

गोली मीच द्यायला हवी होती. हे फक्त तुमाला लिवतेय, कारन तुमाला सांगायला मला लाज वाटत नाय. तुमी पन तेवढ्याच चुकलेल्या.

विमलबाई


नावडे कॉलनी
२४ फेब्रुवारी २०२५

आई, आणि सासूबाई,

आज मोठी सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाळाच्या पाठीवरच थांबून राहिल्या, मशीन पुढे-मागे करत. तेवढ्या वेळात मी तुम्हा दोघींना मनातल्या मनात जेवढं येतं तेवढं सगळं बोलून घेतलं. मग त्या म्हणाल्या, कणा पूर्ण आहे, सगळं जागच्या जागी आहे. विपुल खाली बसला आणि हमसाहमशी रडला. मी नाही रडले.

रक्त साडेदहावर आलंय. वजन डॉक्टर लिहून घेतात. ते तुम्हाला सांगणार नाही.

घरी येऊन मी मुगाची खिचडी केली, वर लोणचं घेतलं आणि पोटभर जेवले. कुणी बघत नव्हतं.

कळवायला हवं म्हणून कळवलं. यायचं नाही.

क्षिप्रा